आप्पांच्या टाचेचा फोटो

माझ्या वडिलांचे मी सत्तावीस फोटो काढले. त्यांतल्या अकरांत त्यांचा उजवा हात आहे, सहांत डावा, बाकीच्यांत बोटं, मनगट, गुडघा, टाच, एकदा नुसताच कानामागचा चष्म्याच्या काडीचा वळ. तोंड एकाही फोटोत नाही. हे सांगितलं की लोक हसतात. त्यांच्यावर चिडायचा मला हक्क नाही, कारण बरीच वर्षं मी स्वतःही हे हसूनच सांगत होतो.

आम्ही बेळगावला लागून असलेल्या शहापूरचे विणकर. म्हणजे आप्पा विणकर, आणि मी मराठी शाळेत तिसरीला शिकवणारा मास्तर, विणकराच्या पोटी जन्मून ज्याला तुटलेला धागा सुद्धा धड जोडता येत नाही असा. पुढच्या सोप्यात माग होता. आमच्याकडच्या मागाला खड्डा असतो. विणणारा खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय आत सोडतो आणि दिवसभर मान खाली घालून सुताकडं बघतो. दारातून येणाऱ्याला त्याची पाठ दिसते आणि दोन बाजूंना हलणारे हात दिसतात. मी लहानपणापासून आप्पांना असंच बघितलं. शाळेतला निकाल त्यांच्या पाठीला सांगितला, नोकरी लागल्याचंही पाठीलाच सांगितलं. ते सुतातून इकडून तिकडं पळणारा धोटा न थांबवता "बरं झालं" म्हणायचे.

कॅमेरा मी बेळगावच्या कॅम्पातून, गोऱ्यांच्या छावणीतून आणला. एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला होता, त्याच्या सामानाचा लिलाव होता. खुर्च्या-मेजांवर बोली चालली होती आणि कोपऱ्यात हा काळा डबा पडला होता. कुणी हात लावेना म्हणून मला मिळाला. तिथल्याच एका स्टुडिओवाल्यानं रोल धुवायला आणि उन्हात कागदावर छापायला शिकवलं. त्याला वाटलं, मी लग्नामुंजीचे फोटो काढून त्याचं गिऱ्हाईक तोडणार. मी पहिला रोल दाखवला तेव्हा त्याची काळजी मिटली. आठही फोटो आमच्या खिडकीच्या गजाचे होते, आणि आठही पुसट.

डब्याला जवळचं दिसत नव्हतं. मला तर जवळचंच पाहिजे होतं. मग आप्पांच्या जुन्या फुटक्या चष्म्याची एक काच मी मेणानं पुढं चिकटवली आणि एकदम सगळं उघडलं. वाटायच्या पाट्यावरचे टाके, सुताच्या कांड्यांच्या टोपलीत झोपलेल्या मांजराची नुसती शेपटी, खुंटीला अडकून राहिलेला लाल सुताचा तुकडा, आईच्या बांगडीला पडलेली चीर. माणसं ज्यावरून रोज हात फिरवतात आणि ज्याच्याकडं कधी बघत नाहीत, ते मी बघतो याचा मला गर्व होता. आता कबूल करतो, तो नुसता गर्व नव्हता, माज होता.

हे फोटो चिकटवायला मी आप्पांची नमुन्यांची वही घेतली. जुन्या काळी ते लुगड्यांच्या काठांचे बोटभर तुकडे त्या वहीत लावून व्यापाऱ्यांना दाखवायचे. अर्धी वही कोरी होती. डाव्या पानावर काठाचा तुकडा, उजव्या पानावर माझा फोटो, खाली पेन्सिलीनं दोन ओळी. चिकटवायला घरातलीच खळ होती, आई ताण्याच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला लावण्यासाठी शिजवायची ती पिठाची पातळ पेज. त्यामुळं माझ्या वहीला झुरळं लागायची आणि आई म्हणायची, बघ, तुझी वही कुणाला तरी आवडती. गल्लीतले लोक मला अडवून विचारायचे, मास्तर, आमच्या म्हशीच्या शिंगाचा बी एक घ्या की.

आप्पांनी तोंडाचा फोटो काढू दिला नाही याला कारण होतं. आमच्या गल्लीत जिवंत माणसाचा फोटो नसायचाच. माणूस गेला की कॅम्पातून फोटोवाला बोलवायचे, त्याला भिंतीला टेकवून बसवायचे, डोक्याला पटका गुंडाळायचे आणि एकदाच काय तो फोटो काढायचे. त्यामुळं घराघरांतून भिंतीवर जे होते ते सगळे मेल्यावरचे. मी पहिल्यांदा आप्पांसमोर डबा धरला तेव्हा त्यांनी मान वर न करता सांगितलं, "हात घे, पाय घे. तोंड एकदाच घेत्यात. त्येची घाई नको."

मी आग्रह केला नाही. खरं सांगायचं तर मला चेहऱ्यांचा कंटाळाच होता. चेहरे सगळेच बघतात, त्यात माझं काय कौतुक? आप्पांच्या उजव्या अंगठ्याच्या नखाला सुताच्या घर्षणानं एक बारीक खाच पडलेली होती, तर्जनीच्या बाजूला गाठी मारून मारून मुगाच्या दाण्याएवढा घट्टा पडलेला होता. या दोन गोष्टी जगात फक्त मला माहीत आहेत असं समजून मी सुखात होतो.

मग दुसरं महायुद्ध लांबलं आणि सूत संपलं. म्हणजे सूत होतं, पण सरकारनं त्याच्यावर नियंत्रण आणलं. विणकराला कार्ड, कार्डावर महिन्याला थोडंसं सूत, तेही कधी येई कधी न येई. आमच्या गल्लीत पहाटेपासून चालणारी खटखट एकेका घरातून बंद होत गेली. आप्पांचा माग श्रावणात थांबला. ते रोज सकाळी अंघोळ करून खड्ड्यात पाय सोडून बसायचे आणि मोकळ्या मागावर हात फिरवायचे. मी त्याचे सुद्धा चार फोटो घेतले. रोल मिळत नव्हते, तरी स्टुडिओवाल्यानं मुदत संपलेला एक जुना रोल मला दिला होता. आई एकदा म्हणाली, त्यास्नी काय होतंय ते बघ की रं जरा. मी म्हटलं, बघतोय की. माझ्या मते मी बघतच होतो.

दिवाळी झाली, शाळेची सुट्टी अजून चालू होती, तेव्हा एका सकाळी आप्पा निघाले. निपाणीच्या बाजूला चोरून सूत मिळतं असं कुणीतरी सांगितलं होतं. यापूर्वीही ते असे दोनदा चार-चार दिवस जाऊन हात हलवत आले होते. या वेळी मला म्हणाले, "तुला सुट्टी हाय न्हवं? येतोस का बरोबर? माझं अंग जरा कसकस करतंय." मी म्हटलं, शाळेच्या वह्या तपासायच्या आहेत. वह्या होत्या, हे खरं. पण त्याहून खरं हे की त्या सकाळी ऊन फार छान तिरपं आलं होतं. आप्पा पायरीवर उभे राहून चपलेचा अंगठा नीट करत होते. त्यांच्या भेगाळलेल्या टाचेवर ऊन पडलं होतं, आणि चपलेच्या पट्ट्याला त्यांनी लाल काठाची चिंधी बांधलेली होती. मी ओरडलो, थांबा, पाय हलवू नका. ते थांबले. मी जमिनीवर पालथा पडून फोटो घेतला. "झालं?" त्यांनी विचारलं. मी झालं म्हटलं आणि डब्यातला रोल पुढं सरकवत बसलो. ते गेले. मी मान वर केली नाही.

पाच दिवस आम्ही नेहमीसारखी वाट बघितली. आठव्या दिवशी आई दारात बसून राहायला लागली. अकराव्या दिवशी मी आमच्या पोलीस चौकीत गेलो. शहापूर एका संस्थानाच्या हद्दीत, रस्ता ओलांडला की बेळगाव इंग्रजांचं. चौकीतला कारकून सज्जन होता. तो म्हणाला, तुमचे वडील हद्दीबाहेर गेलेत, तिकडच्या पोलिसांना कळवावं लागेल, तरी वर्णन लिहून घेतो. फोटो आहे का?

मी चिकटवही पुढं केली. त्यानं पानं उलटली. अंगठा, मनगट, टाच. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, पुन्हा वहीकडं बघितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी असं वही उघडून केलं. मग तो म्हणाला, असू दे, तोंडी सांगा. नाक कसं? मी म्हटलं, सरळ. कपाळ? मोठं असावं. मिशी? आहे. पांढरी का काळी? मी म्हटलं, दोन्ही असेल. गालावर तीळ-बिळ? मला एक तीळ आठवत होता, पण तो कुठल्या गालावर ते आठवेना, आणि मग तो आप्पांना होता की चुलत्यांना तेही आठवेना. घरातून निघताना डोक्याला काय होतं, पटका का टोपी? मी त्यांना निघताना बघितलं होतं, टाचेपासून घोट्यापर्यंत.

कारकुनानं लिहिलं: उंची मध्यम, वर्ण सावळा, नाक सरळ, मिशी आहे. आमच्या गल्लीतला कुठलाही म्हातारा त्यात बसला असता. मी बाहेर आलो आणि रस्त्याच्या कडेला उभा राहून आप्पांचा चेहरा डोळ्यांपुढं आणायचा प्रयत्न केला. हात आले. लगेच आले, नखाच्या खाचेसकट. त्यांच्या वर मान यायची, आणि मानेवर काही नाही. बत्तीस वर्षं मी या माणसाच्या घरात जेवलो होतो.

आईला विचारायला हवं होतं. तिनं सांगितलं असतं. पण आईला काय विचारू, की आप्पा दिसतात कसे?

तेराव्या दिवशी, रविवारी, मी वही पिशवीत घालून निपाणीला गेलो. कोळशावर चालणारी मोटार, चढ आला की माणसं उतरून ढकलायची. निपाणीत शिरलं की तंबाखूच्या वासानं नाक झोंबतं, आणि मला त्या दिवशी शिंका आवरेनात. मी वखारींतून फिरलो. तंबाखू निवडणाऱ्या बायका वही बघायला गोळा व्हायच्या. एक म्हणाली, काय सुबक टाच काढलीया. दुसरी म्हणाली, तोंड कुठं हाय वो ह्या माणसाला? मी सुताच्या दुकानांतून फिरलो, धर्मशाळेच्या ओट्यावर झोपलेल्यांचे पाय बघत फिरलो. लोक मला वेडा समजले असतील तर त्यांची चूक नाही.

पोलिसांच्या चौकीत मात्र गेलो नाही. दोनदा समोरून गेलो. दुपारी एकदा तर पायरीशी उभा राहिलो. पण आत गेलो की विचारणार, वडील निपाणीला कशाला आले होते? चोरट्या सुतासाठी, असं सांगितलं तर आप्पांना शोधायच्या आधी पकडायचा हुकूम निघेल अशी मला धास्ती. कार्ड जाईल, माग कायमचा बंद पडेल. मास्तर माणूस, कायद्याला भ्यायलेला. मी वळलो आणि पुढच्या गल्लीत टाच दाखवायला गेलो.

रात्र एका खानावळीत काढून सोमवारी जवळच्या बोरगावला गेलो. कुणीतरी म्हणालं होतं, तिथं दोन-चार माग आहेत, सुताचं कळेल. तिसऱ्या घरात एक विणकर मागावर बसला होता, आप्पांच्याच वयाचा. त्याची पाठ माझ्याकडं होती. मी वही त्याच्या पुढ्यात धरली. त्यानं टाचेचं पान उलटलं, शेपटीचं उलटलं, आणि उजव्या हाताच्या पानावर थांबला. धोटा खाली ठेवला.

"ह्यो हात आलता हितं," तो म्हणाला.

मी तिथंच जमिनीवर बसलो. त्यानं सगळं सांगितलं. गेल्या सोमवारी एक माणूस सूत विचारत आला होता. सूत नव्हतं. त्याच वेळी याचा ताणा तुटला होता, शे-दीडशे धागे एकदम. तो माणूस खड्ड्याच्या काठाला बसला आणि तासाभरात सगळे धागे जोडून दिले. असल्या गाठी मी आमच्या बाच्या हातात बघितल्या हुत्या, तो म्हणाला, आणि नखाची खाचही त्यानं माझ्या आधी बोटानं दाखवली. मग भाकरी दिली ती अर्धीच खाल्ली. अंगात ताप होता. राहा म्हटलं तर राहिला नाही, निपाणीकडं गेला.

मी विचारलं, चेहरा कसा होता? पटका होता का? मिशी पांढरी होती का?

"त्वांड न्हाय बघितलं मी," तो म्हणाला. "हात बघत हुतो." आणि मला समजावल्यासारखं म्हणाला, ताप आलेला माणूस, दवाखान्यात बघा, चौकीत विचारा. सुताचं नाव काढू नका म्हणजे झालं.

म्हणजे एवढं सोपं होतं. सुताचं नाव काढायचं नाही. हे मला, बी. ए. ला बसायची तयारी करणाऱ्या माणसाला, सुचलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी मी निपाणीच्या चौकीत गेलो. हवालदार वयस्कर होता. त्यानं मला आधी बसायला सांगितलं, त्यावरूनच मी काय ते समजायला हवं होतं. शनिवारी एक बेवारस माणूस रस्त्याच्या कडेला तापात पडलेला सापडला, दवाखान्यात नेईपर्यंत गेला. कुणी येतंय का म्हणून रविवारी संध्याकाळपर्यंत ठेवला. साथीचे दिवस, जास्त ठेवता येईना. मग दहन केलं, अंगावरचे कपडे त्याच्याबरोबरच. चप्पल? पायांत काही नव्हतं. कुणीतरी काढून घेतली असणार. पण कायद्याप्रमाणं फोटो काढून ठेवला आहे, तो म्हणाला, आणि फाईल उघडून फोटो माझ्यापुढं ठेवला.

तो चेहऱ्याचा फोटो होता. गळ्यापर्यंत चादर. वरून ऊन घेतलेलं, त्यामुळं कपाळ पांढरं फटक, डोळ्यांच्या खोबणी काळ्या. गाल बसलेले, दाढी वाढलेली, तोंड उघडं, डोक्याला काही नाही. मी बघत राहिलो. हे आप्पा होते असं म्हटलं तर होते. नाहीत म्हटलं तर नव्हते. मी फोटो खिडकीशी नेला, डोळ्यांजवळ धरला, लांब धरला. नाक सरळ होतं. मिशी होती. कानामागचा वळ दिसेल म्हणून मी कान बघितला, तर कान सावलीत गेलेला. मला त्या अनोळखी फोटोवाल्याचा इतका राग आला की सांगता येत नाही.

मी विचारलं, हातांचा फोटो आहे का?

हवालदार म्हणाला, "हातावरनं कोण वळखतंय का, मास्तर?"

मी आईला घेऊन येतो म्हटलं आणि निघालो. मोटारीत सगळ्या रस्ताभर एकच विनवणी करत होतो, आणि ती कुठल्या देवाला करत होतो तेही मला माहीत नव्हतं. ते आप्पा नसू देत, एवढंच नाही. माझ्या मनात त्याहून लाजिरवाणं काही होतं. ते आप्पा असतील तर मला कळलं कसं नाही, म्हणून ते आप्पा नसू देत.

आईला मी सगळं सांगितलं. बोरगावचा हात, निपाणीचा फोटो, मला कळलं नाही हेही. गुरुवारी आम्ही गेलो. ती जन्मात पहिल्यांदा मोटारीत बसली होती आणि पुढच्या दांड्याला दोन्ही हातांनी धरून होती. चौकीत हवालदारानं तिला बसायला बाकडं दिलं, पाणी दिलं. फोटो तिनं पदरावर घेतला. बघितला तो जेमतेम एक श्वासभर. मग पालथा करून मेजावर ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"न्हाय," ती हवालदाराला म्हणाली. "ह्ये आमचं माणूस न्हवं."

नक्की का, असं त्यानं विचारलं. पस्तीस वर्सं संसार केलाय, ती म्हणाली, मला ठाव नसंल का? त्यानं लिहून घेतलं, तिचा अंगठा घेतला.

मला रडू फुटेल इतका आनंद झाला. परतीच्या मोटारीत मी बडबडत होतो. आता कोल्हापूर बघू, इचलकरंजी बघू, बोरगावच्या माणसाला पत्र घालू, ताप उतरेपर्यंत कुणाच्या तरी घरी राहिले असतील. आई खिडकीबाहेर बघत हूं हूं करत होती. घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. तिनं पिशवी ठेवली, परसात गेली आणि हौदातलं गार पाणी नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून घेतलं. तीन तांबे, चार तांबे. आत आली ती निथळत, आणि मला म्हणाली, "तूबी आंघूळ कर. डोक्यावरनं घे."

मेल्याची बातमी आली की करतात ती अंघोळ. मी सोप्यात उभा राहिलो, खांबाला धरून. कपाळावरचं कुंकू तिनं पदरानं पुसलेलं होतं.

मी म्हटलं, मग तिथं ‘न्हाय’ असं का म्हणालीस? आपण दिवस तरी घातले असते. मला काही करता आलं असतं.

"तू काय केलं असतंस रं आता?" ती म्हणाली. "जळून चार दिस झालं त्यास्नी. मी व्हय म्हटलं असतं तर तो लिहिणार, गल्लीत कळणार. लोक म्हणणार, ल्योकानं आदी जाऊन फोटू बघितला, अन् त्येला बाप वळखू आला न्हाय. जलमभर म्हणणार. उद्या तुला पोरं झाली की त्यास्नी बी म्हणणार. जाऊ दे. मी ऱ्हाते अशीच."

मी अंघोळ केली. पाणी अंगावर पडत असताना डोक्यात हिशेब झाला, नको असताना झाला. शनिवारी ते सापडले. रविवारी संध्याकाळपर्यंत ठेवले होते. रविवारी दुपारी मी त्या चौकीच्या पायरीशी उभा होतो, पिशवीत त्यांची टाच घेऊन. आत गेलो असतो तर हात बघितले असते. हात मी अंधारात सुद्धा ओळखले असते. त्यांना अग्नी कुणी दिला, त्या माणसानं निदान डोक्यावर पाणी घातलं का, हे मी आजवर कुणाला विचारू शकलेलो नाही.

सकाळी आईनं आरशासमोर उभं राहून पुन्हा कुंकू लावलं.

गल्लीतल्या लोकांनी विचारलं, ती म्हणाली, दुसराच कोणीतरी होता. लोक चांगले होते. येतील, येतील, म्हणाले. भटजींनी सांगितलं, हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची, मग दर्भाचा पुतळा करून विधी करता येतो, तोवर काळजी नको. शुक्रवारी बायका तिला हळदीकुंकवाला बोलवायच्या आणि ती जायची, ओटी घेऊन यायची, आणि दार लावलं की कपाळ पुसायची. एवढ्याशा घरात मला ते रोज दिसायचं. एकदा मी म्हटलं, आये, पुरे, मी सांगतो सगळ्यांना. तिनं माझ्या थोबाडीत मारली. बत्तीस वर्षांच्या मास्तराच्या. मग ताट वाढलं.

मी त्यानंतर तिचा चेहरा पाठ करायला लागलो. फोटो नाही, डबा मी विकून टाकला होता. नुसता बघायचो. डाव्या भुवईवर एक जुना व्रण होता, हसताना उजवा गाल आधी वर जायचा. ती म्हणायची, काय बघतोस रं येड्यावानी? मी म्हणायचो, काही नाही. बघताना आत कुठंतरी सतत वाटायचं, की याच नजरेतली एक घटका मी त्या सकाळी पायरीवर खर्च केली असती तर.

ती तिसऱ्या वर्षी गेली, देश स्वतंत्र व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात, दोन दिवसांच्या दुखण्यानं. शेवटच्या रात्री तिला शुद्ध होती. मी विचारलं, आता तरी कुंकू पुसू का? तिनं मान हलवली, नको. सकाळी बायका आल्या. सवाष्ण गेली म्हणून त्यांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, हातभर बांगड्या चढवल्या, ओटी भरली. आजूबाजूच्या गल्ल्यांतून लेकुरवाळ्या पोरी येऊन तिच्या पाया पडत होत्या आणि तिच्या कपाळाचं कुंकू बोटानं घेऊन आपल्या कपाळाला लावत होत्या. भाग्याची गं बाई, म्हणत होत्या, नवऱ्याच्या आधी गेली. मी उशाशी बसून होतो. माझ्या तोंडाशी आलं होतं, दोनदा आलं. मी गिळलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या चौकीत मयताची नोंद करायला गेलो. कारकून तोच होता, सज्जन, तीन वर्षांत जरा पिकलेला. त्यानं मला ओळखलं, आईचं नाव लिहिलं, वय लिहिलं. मग लेखणी थांबवून हळूच विचारलं, "नवरा हयात?"

मी म्हटलं, "होय."

त्यानं तसं लिहिलं.